पालथा फोन

माझी बायको उज्ज्वला गेली ती खबर मला माझ्याबरोबर कामाला असलेल्या आनंदाने मशीन बंद करून दिली.

आमच्या खात्यात, म्हणजे सुरतेतल्या लूमच्या कारखान्यात, फोन वाजलेला ऐकू येत नाही. सगळी मशीनं चालू असली की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी त्याचे ओठच पाहावे लागतात. म्हणून आम्ही फोन खिडकीत ठेवतो आणि जेवणाच्या सुट्टीत पाहतो. आणि दुसऱ्याच्या मशीनला कोणी हात लावत नाही. तार तुटलेली दिसली तरी ज्याचं मशीन त्याला खुणावतात. त्या दिवशी आनंदा आला आणि त्याने माझी मशीनं एकेक करून बंद केली. मी त्याच्या हाताकडे पाहत राहिलो. शेवटचं थांबलं तेव्हा तो म्हणाला, "लोटू, चप्पल घाल."

"काय व्हयनं?"

"पहिले चप्पल घाल."

मी चप्पल घातली. मग त्याने सांगितलं.

उज्ज्वला दरवर्षी कापूस वेचायला माहेरी जायची. अमळनेरच्या बाजूला तिच्या आईचं, सरलाबाईंचं, थोडं रान आहे. काळी जमीन आहे, कापूस चांगला येतो, वेचायला माणूस मिळत नाही. पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून ती एकटीच गेली होती. सकाळी दव असतं, पाती ओली असतात, बायका वाकून वेचत असतात. सरीत घोणस होती. गाडी मिळेपर्यंत वेळ गेला, आणि गाडी मिळाली तेव्हा ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

मी उधन्याहून गाडी धरली. थोरली धनश्री आणि मधला चेतन बरोबर होते. धाकटी गायत्री तेव्हा चौथ्या वर्षात होती. तिला शेजारच्या नीलमबाईंकडे ठेवलं. लहान लेकराला असलं दाखवू नये असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मलाही ते बरं वाटलं.

परत सुरतेत, गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत, आलो तेव्हा गायत्री नीलमबाईंच्या ओट्यावर उभी होती. तिने आमच्या मागे पाहिलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"मम्मी?"

मी पिशवी खाली ठेवली. मग धनश्री म्हणाली, "गावले शे."

ते खोटंही नव्हतं. तिला गावालाच ठेवून आलो होतो.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. येतात, बसतात, बायका गळ्यात पडून रडतात, पुरुष जमिनीकडे पाहतात, आणि थोड्या वेळाने उठून जातात. आमची सगळी भाऊबंदकी आता लिंबायत, गोडादरा, कोसाड इथेच आहे. गावात कुलपं आहेत. त्यामुळे दारावर माणूस तुटेना. आणि जो येई त्याला गायत्री दिसे. ती रडत नव्हती, नुसती उभी राहून पाहायची. रडणारं लेकरू असतं तर कोणी उचलून घेतलं असतं. न रडणाऱ्या लेकराचं काय करावं ते कोणालाच कळत नव्हतं. म्हणून ते खिशात हात घालायचे आणि फोन काढायचे.

"घे बेटा, देख. देख सस्सा कसा पळस."

काकांनी दिला, आत्यांनी दिला, खात्यातल्या लोकांनी दिला. माझ्या एका मावसभावाच्या फोनमध्ये नुसत्या प्लॉटच्या जाहिराती होत्या. तिने त्याही पाहिल्या. थोडा वेळ पाहायची, मग तो फोन परत द्यायची आणि दुसऱ्यापुढे हात करायची. पुढे पुढे तर कोणी गल्लीत वळलं की ती धावत जायची आणि माणसाच्या तोंडाकडे न पाहता खिशाकडे पाहायची.

"हाई पोरले कोनाच फोन पसंत पडत नही," मावसभाऊ म्हणाला आणि हसला. दारावर बसून हसू नये, पण दोघं-तिघं हसले.

जेवण तसंच झालं. फोन समोर असला तर तोंड उघडायची, नाहीतर ओठ घट्ट. तशी ती आधीही फोनसमोर जेवली होती. वेचणीच्या दिवसांत उज्ज्वला आपला फोन धनश्रीच्या शाळेसाठी घरी ठेवून गेली होती आणि रोज दिवेलागणीला सरलाबाईंच्या फोनवरून चेहरा दिसणारा फोन करायची. तिचे हात पिठात असायचे, ती भाकरी थापता थापता बोलायची आणि सरलाबाई फोन तिच्यासमोर धरून बसायच्या. "तू एक घास खा, मंग मी एक भाकर टाकस," असं चालायचं. मी तेव्हा बहुतेक खात्यातून आलेला नसायचो. धनश्रीने नंतर सांगितलं म्हणून मला ठाऊक.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. पाहुणे गेले. फोनसुद्धा गावालाच ठेवून आमच्याबरोबर आलेल्या सरलाबाई निघायच्या दिवशी पिशवी भरता भरता थांबल्या.

"जवाईबापू, राग नका मानू."

"बोला ना, मामी."

"पोर फोन बिगर तोंड उघाडत नही. तुम्ही दिनभर खात्यामा. धनश्री दहावीले. आनि हाऊ चेतन देखा, याना फक्त आंगठा जिता शे." चेतन कोपऱ्यात गेम खेळत होता. त्याने मान वर केली नाही, म्हणजे बोलणं खरंच होतं. "गायूले मी लई जास. तठे म्हैस शे, कोंबड्या शेतस. फोन इसरी जाई."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक गेली होती आणि त्या घरात आता त्या आणि म्हैस एवढंच राहिलं होतं. पण माझ्याही घरातून एक माणूस कमी झालं होतं. आणखी एक द्यायची माझी तयारी नव्हती.

"आखाजीलोंग ऱ्हाऊ द्या, मामी," मी अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागितली.

"आखाजीले काय व्हई?"

"ती हातानं जेवी. फोन बिगर."

"आनि नही जेवनी तं?"

"तं लई जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीची गाठ मारली. "मी इसू आखाजीले," म्हणाल्या. सरलाबाई सांगतात ते करतात.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. घरात फोन दोन, माझा आणि उज्ज्वलाचा. मी दोन्ही घेतले आणि गव्हाच्या कोठीत घातले, वर झाकण लावलं. तिघांना समोर बसवून सांगितलं की आता फोन बंद. शेठ खात्यात नियम सांगतो तसा सांगितला.

त्याचं असं झालं. धनश्रीच्या शाळेने सराव परीक्षेचा दिवस बदलला, ते फोनवर आलं आणि कोठीत राहिलं. ती परीक्षेला गेली तेव्हा वर्गात दुसराच पेपर चालला होता. घरी येऊन ती दप्तर ठेवत म्हणाली, "पप्पा, फोन कोठीमा वाजना. मी काय गहूले विचारू, काय सांगं म्हणून?"

चेतनने घरात काही कुरकुर केली नाही. मला वाटलं, सुधारला. मग कळलं की तो गल्लीतल्या अमोलच्या खिडकीबाहेर गजांना धरून उभा असतो आणि आत अमोल खेळतो ते पाहतो. अमोल त्याला मधून मधून हात मारू देत होता, त्याच्या बदल्यात उत्तरायणातला, संक्रांतीच्या पतंगांचा, सगळा मांजा घेऊन बसला होता.

आणि गायत्री कोठीला कान लावून बसली. जेव म्हटलं तरी उठेना. मी खिचडी केली, दूधभाकर कुस्करली. ती गाल पत्र्याला टेकवून डोळे मिटून बसायची. गालावर पत्र्याची रेघ उमटायची. मला वाटलं, हट्ट आहे, मोडेल.

दुसऱ्या दिवशी खात्यातून आलो तर ती नीलमबाईंच्या ओट्यावर वरणभात खात होती. समोर नीलमबाईंचा फोन.

"वहिनी, मी काय सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं जी. मंग?"

"मग फोन कशाला दिला?"

"कालपासून लेकराच्या पोटात अन्न नाही, लोटूभाऊ. मी काय जहर देलं तिले? वरण देलं."

"आखाजीला नाही जेवली तर सासूबाई घेऊन जातील."

"अन् आखाजीलोक जगली पायजे का नाही?"

त्यांनी गायत्रीचं तोंड पुसलं आणि फोन पदराखाली घेतला. "मायबिगर लेकरू. तिनं हात पसरला तं मी कसं नाही म्हनू?"

धनश्रीच्या शाळेसाठी आणि माझ्या कामासाठी कोठीतले फोन त्या रात्रीच बाहेर काढावे लागले. पण अडचण वेगळीच होती. गल्लीतल्या प्रत्येकाला तिची दया येत होती आणि प्रत्येकाच्या खिशात फोन होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी घरोघर गेलो. कृपा करून गायत्रीला फोन देऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण शेजाऱ्याच्या दारात जाऊन आमच्या लेकराला काही देऊ नका म्हणणं फार वाईट दिसतं. एक जण म्हणाला, आमचा फोन काय खराब आहे का. दुसरी म्हणाली, मी माझ्या नातवाला दिला होता, तुमची पोर बाजूला येऊन बसली, तिचे डोळे मी बांधू काय. शेवटी श्रीपतकाकांच्या दुकानावर गेलो. काका आमच्याच तालुक्यातले, गल्लीत सगळ्यात आधी आलेले.

"सगळासले सांगत फिरस तू," काका म्हणाले. "काल मनाकडे दही लेवाले उना, ध्यान शे?"

"शे ना."

"फोन देखत उभा ऱ्हायना. पिशवी वाकडी धरी. दही समदं पायवर उनं, तं तू पाय मांगे लिधा, पन फोनमाईन डोया नही काढा. पोरंसले कोन शिकाडं मंग?"

दुकानात इतर गिऱ्हाईक होतं. ते माझ्या पायाकडे पाहायला लागलं. मी साबण घेऊन घरी आलो.

खात्यात जेवताना आनंदाला हे सांगितलं. तो डबा खाली ठेवून म्हणाला, "तिन्ही मशीनवर एकच ताण ठेवशी तं कसं व्हई? जाड सूतले वेगळा, बारीकले वेगळा. बारीकवर तोच ताण दिधा तं तुटस."

"तुझ्या घरी कसं आहे?"

"मना पोऱ्या दिनभर फोनवरच ऱ्हास," आनंदा म्हणाला आणि जेवायला लागला.

तरी त्याचं बोलणं घरी घेऊन गेलो. धनश्रीला बसवलं आणि विचारलं, काय करू या. ती पंधरा वर्षांची होती आणि आई गेल्यापासून घरात पहिली उठत होती. तिला विचारायला मला इतका वेळ का लागला कोण जाणे.

"पप्पा, माले फोन लागस. शाळाना ग्रुप शे."

"आणि बाकी वेळ?"

तिने माझ्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाकी वेळ मीभी देखस. मैत्रिणीसनं देखस. झोप येत नही ना."

"मग?"

"मी वट्यावर बसीसन वापरसू. समदासना समोर. आनि झोपाना पहिले तुमना हातमा दिसू. पन तुम्हीभी तुमना तठेच ठेवा. तुम्ही गोधडीमा लिसन झोपतस."

हे खरं होतं. उज्ज्वला गेल्यावर गोधडीत दुसरं काही नव्हतं. पण मी हो म्हणालो. दाराच्या मागे एक खिळा आहे, त्याला उज्ज्वलाची भाजीची पिशवी लटकलेली असते. झोपताना दोन्ही फोन त्यात जायला लागले. पहिले काही दिवस माझा हात आपोआप उशाखाली जायचा आणि रिकामा यायचा.

चेतनचं कसं करायचं तेही धनश्रीनेच शिकवलं. मी त्याच्या हातातून फोन हिसकायचो आणि तो दिवसभर फुगून बसायचा. ती म्हणाली, तुमचा कापडाचा ताका अर्धा असताना कोणी मशीन बंद केलं तर तुम्हाला कसं वाटतं? तेव्हापासून मी डाव संपेपर्यंत थांबायला लागलो. डाव संपला की हात पुढे करायचा. तो फोन देतो. कधी कधी म्हणतो, "पप्पा, लास्ट, बस, आ छेल्ली." मग ती शेवटची संपेपर्यंत बसावं लागतं, आणि बसल्या बसल्या मलाही तो गेम थोडा कळायला लागला. ती एक वेगळीच कटकट झाली. त्याच्याकडे एक काम दिलं. खेळायच्या आधी गायत्रीला ओट्यावर घेऊन बसायचं आणि गल्ली दाखवायची. तो दाखवायचा. "हा टेम्पो. हा पन टेम्पो. गायू, हाऊबी टेम्पोच शे." तेवढ्यावर त्याचं काम संपायचं.

राहिली गायत्री.

लोक दारावर येऊन आमच्या उंबऱ्यावर बसून गेले तेव्हापासून घरातलं कोणी तिथे बसत नव्हतं. पण आधी ती उज्ज्वलाची जागा होती. साडीला टिक्या लावायचं काम ती तिथेच घेऊन बसायची आणि गायत्रीला तिथेच भरवायची. हा घास बकरीचा, हा घास साड्यांचे गठ्ठे नेणाऱ्या पोटलेवाल्याचा, हा घास त्या काळ्या कुत्र्याचा. गल्लीतून जो जाईल त्याच्या नावाचा घास. एकदा पोलीस गेला तर त्याच्याही नावाचा.

मी ताट घेऊन उंबऱ्यावर बसलो. मला ते जमत नव्हतं. गल्लीतून बकरी गेली आणि माझा घास कालवून होईपर्यंत बकरी वळून निघून गेली.

"हा घास बकरीचा."

"बकरी नही शे," गायत्री म्हणाली.

"होती आता."

"नही शे."

पुढचा बराच वेळ गल्लीतून कोणीच गेलं नाही. मग श्रीपतकाका लुंगी सावरत नळाकडे चालले होते.

"हा काकांचा."

तिने काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फोन ठेव."

"फोन नाही."

"चालू नको करू. जोडे ठेव."

मला समजलं नाही. गाणं नको, चित्र नको, सस्सा नको. फोन नुसता ताटाजवळ पाहिजे. मी पिशवीतून उज्ज्वलाचा फोन काढला, तिच्याजवळ पालथा ठेवला. तिने त्यावर डावा हात ठेवला आणि तोंड उघडलं.

मी ते आनंदाला सांगितलं. आनंदा म्हणाला, पालथा फोन म्हणजे बंदच. मीही तसंच धरलं. सरलाबाईंना काय दिसणार, पोर खाते आहे आणि फोनमध्ये पाहत नाही. हळूहळू ती स्वतःच्या हाताने खायला लागली, एकाच हाताने, दुसरा फोनवर. भात सांडायचा. मी काही म्हणत नव्हतो. मला वाटायचं, जिंकतोय.

उन्हाळा लागला. पत्र्याखाली दिवसा बसवत नाही, घामाने अंगाला बनियन चिकटून राहतं, पण संध्याकाळी तापीकडून थोडा वारा येतो आणि ओटे भरतात. गल्ली आता गायत्रीला ओळखीने हाक मारायची आणि हात रिकामे दाखवायची. नीलमबाई तर फोन घरात ठेवूनच बाहेर यायच्या. आणि मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "नाही बाई, आमचा फोन खराब हाये."

आखाजी आली. उज्ज्वलाची पहिली आखाजी. तिच्या नावाची घागर भरायची होती. धनश्रीने आदल्या दिवशी पुरण शिजवलं. पोळ्या फुटत होत्या, म्हणून नीलमबाई येऊन बसल्या आणि बोलत बोलत सगळ्या करून गेल्या. मी कुंभाराची नवी घागर आणली, तिला सूत गुंडाळलं, पाणी भरलं, वर आंबा ठेवला.

सरलाबाई सकाळच्या गाडीने आल्या. एका हातात कुरडयांचा डबा, दुसऱ्या हातात गायत्रीसाठी फ्रॉक. पायाच्या भेगांत काळी माती होती, सुरतेपर्यंत आलेली. त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि गायत्री धावत गेली. फ्रॉककडे तिने पाहिलंच नाही. नानीच्या कमरेची पिशवी चाचपली, आतला फोन काढला आणि छातीशी धरला.

सरलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घागरीकडे पाहिलं.

"असं शे का, जवाईबापू?"

"जेवताना पाहा, मामी."

गायत्रीचे कपडे कुठे आहेत असं त्यांनी धनश्रीला विचारलं. धनश्रीने ऐकलं नाहीसं केलं.

मी गोवऱ्यांचा विस्तव केला. आगारी टाकायची, म्हणजे गेलेल्या माणसांच्या नावाने निखाऱ्यावर तूप आणि घास ठेवायचा. मी बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मग उज्ज्वलाचं घ्यायचं होतं, ते तोंडातल्या तोंडात घेतलं. पोळीचा तुकडा फुगला, काळा झाला, धूर वर गेला. गायत्री फोन घेऊन माझ्या मांडीशी उभी होती.

"हाई कोनले दिधं?"

मी धनश्रीकडे पाहिलं. धनश्री चेतनकडे.

"गावले गयात ना, त्यासले," चेतन म्हणाला. त्याला वाटलं, त्याने सांभाळून घेतलं.

मग आम्ही जेवायला बसलो. गायत्रीने नानीचा फोन ताटाजवळ पालथा ठेवला. पण आज तिने त्याच्यावर हात ठेवला नाही. दोन्ही हातांनी पोळी तोडली, आमरसात बुडवली, कोपरापर्यंत ओघळ आले. भजी खाल्ली, कुरडई खाल्ली, परत पोळी मागितली. फोनकडे पाहिलं नाही. सरलाबाई घास हातात धरून तिच्याकडे पाहत होत्या. मी मनात म्हणालो, झालं. दारात नीलमबाई उगाच झाडू घेऊन उभ्या होत्या, त्याही पाहत होत्या.

पोट भरल्यावर गायत्रीने हात चाटले. फोन उचलला आणि सरलाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मी समदं खाई लिधं," ती म्हणाली. "आते मम्मीले लाव."

तिने नानीचा पदर ओढला.

"लाव ना, नानी. मम्मी हाई फोनमाईनच येस. बाकीना फोनमा नही येत. मी समदासना देखी लिधात." मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. ती थांबली आणि नानीच्या तोंडाकडे पाहिलं. "नानी, तू आठे उनी. मंग तठे मम्मीले फोन कोन धरस? तिना हात तं पीठना शेतस."

दारावर आलेल्या सगळ्या माणसांचे फोन तिने का मागितले ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. कोठीला कान का लावला तेही. आम्ही फोन सोडवत होतो. ती वाट पाहत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गावाला गेली म्हणालो आणि तिला गाव फोनमध्येच दिसत होतं, आधी पाहिलेलं आठवायचं तिचं वय नव्हतं.

सरलाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी फोन उचलला, पदराने पुसला, पुन्हा मांडीवर ठेवला. "तठे आते रेंज नही शे, बेटा," त्या म्हणाल्या.

"कवय येई?"

"देखू."

गायत्रीला ते पटलं. गोडादऱ्यातही रेंज जाते. ती फ्रॉक पाहायला गेली.

दुपारी सरलाबाई परतीच्या गाडीला निघाल्या. मी स्टेशनपर्यंत रिक्षात बरोबर गेलो. त्यांनी फोन पिशवीत खाली सरकवला. मग म्हणाल्या, "जेवनी ती."

"हो."

"तुमनं बोलनं खरं व्हयनं."

"तुम्ही तिला न्यायचं म्हणत होतात."

"कशी लई जाऊ? तठे गई म्हंजे घरघरमा धुंडी तिले. म्हैसना गोठामा देखी, रानमा देखी. सरीसरीमा हाका मारी." त्यांनी नाक पुसलं. "मी एकटी शे तठे. मनावरी नही व्हवाव ते."

गाडी आली. चढताना वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा तिले, जवाईबापू. बापनं सांगाले जोयजे."

मी हो म्हणालो.

घरी आलो तेव्हा चेतन ओट्यावर बसून टेम्पो दाखवत होता आणि धनश्री दोन्ही फोन पिशवीत टाकत होती. गायत्री नवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर होती. मला पाहून तिने विचारलं, "रेंज उनी का?"

"नाही अजून," मी म्हणालो.

आता तिन्ही पोरांचं फोनचं बरं चाललं आहे. धनश्री दहावी पास झाली. चेतन मांजा परत घेऊन आला, कसा ते मी विचारलं नाही. गायत्री बालवाडीत जाते, हाताने जेवते आणि कोणाकडे फोन मागत नाही. संध्याकाळी एकदा फक्त उज्ज्वलाचा फोन पिशवीतून काढते, हलवून पाहते आणि जागेवर ठेवते. गल्लीतले लोक बाहेरच्यांना सांगतात की लोटूकडे जा, त्याने पोरांना चांगलं वळण लावलं. दोघं-तिघं विचारायलाही आले. मी त्यांना खिळा दाखवला.

तिची आई मेली हे तिला अजून सांगायचं राहिलं आहे.